डाव्या चपलेची पट्टी

सुतारानं फोटो उन्हाकडे धरला आणि एक डोळा मिटला. रंधा मारलेल्या फळीची कड बघावी तसा तो आईच्या खुब्याचं हाड बघत होता.

"बघ, कसे बसवलेत. तिन्ही स्क्रू एका दिशेनं, एकमेकांना न खेटता. हात आहे हं माणसाला."

"असेल," सून म्हणाली. तिच्या हातात सासूचं भांडं होतं, वरून फडक्यानं झाकलेलं, आणि नवरा नेमका मोरीच्या वाटेत उभा होता. "सरका आधी. तुमच्या डॉक्टरांचा हात मग बघत बसा."

पडवीतल्या खाटेवर म्हातारी खुदकन हसली. हसताना तिला डाव्या जांघेत कळ आली, तशी तिनं खाटेची कड घट्ट धरली आणि हसणं तसंच तोंडावर ठेवलं.

पडली होती ती घरच्याच शेडमध्ये. ओल्या ढलप्यांवरून पाय सटकला आणि ती कुशीवर आपटली. आवाज असा आला की सुताराला वाटलं, फळी मोडली. मोठ्या गावातल्या दवाखान्यात तिला नेलं, ऑपरेशन झालं, तीन स्क्रू घालून हाड जागेवर बसवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "डावा पाय टेकवायचा नाही. वॉकर घेऊन एका पायावर, तेही गरजेपुरतं. पुढच्या महिन्यात फोटो काढू. हाड जुळतंय की नाही ते बघितल्याशिवाय भार द्यायचा नाही."

"कळलं, साहेब," सुतार म्हणाला होता. "सरस वाळेपर्यंत फळ्या आवळलेला शिकंजा काढायचा नाही."

डॉक्टर हसले. बाहेर रांग लागली होती. "तसंच समजा," म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

सुतार तसंच समजला.

दिवस पेरणीच्या तोंडावरचे. आभाळ तापलेलं, माती भाजलेली, आणि सगळ्या गावाला एकदमच आठवण झालेली की नांगराचा दांडा मागच्या वर्षीच तडकला होता, खोऱ्याचं लाकूड हातात येतंय, गाडीच्या चाकाचा आरा खिळखिळा झालाय. माणसं सकाळपासून शेडच्या दारात. आपलं काम पुढे सरकावं म्हणून जो तो म्हातारीची चौकशी करी.

"काय म्हणतोय पाय?"

"पाय काय म्हणणार? तो मुकाच आहे," म्हातारी म्हणे. "बोलायचं काम माझ्याकडे."

नवरा गेला त्या वर्षापासून मोठ्या करवतीचं दुसरं टोक म्हातारीच्या हातात होतं. लेक एका बाजूला, आई एका बाजूला. ओंडका घोडीवर चढवायचा आणि देवाचं नाव गुणगुणत ओढायला लागायचं. ती गुणगुणायची त्या लयीत करवत चालायची. आता ते टोक सुनेकडे आलं. सून ताकदीची होती, पण ती ओढायचीही आणि ढकलायचीही, आणि ढकललं की पातं वाकायचं.

"ढकलू नकोस गं!" खाटेवरून ओरडा यायचा. "ओढायचं आणि सोडून द्यायचं. त्याच्या वाटणीचं त्याला करू दे."

"आई, तुम्ही आपला पाय सांभाळा."

"पाय सांभाळायला तीन स्क्रू दिलेत. मला तोंड दिलंय देवानं."

सुनेचे तळहात सोलले. संध्याकाळी पीठ मळताना मीठ झोंबायचं. त्यात सासूला उठवणं, बसवणं, पुसणं. म्हातारीला खाली बसता येत नव्हतं, म्हणून सुतारानं जुन्या खुर्चीच्या बैठकीला गोल कापून भोक पाडलं होतं आणि कड इतकी गुळगुळीत केली होती की हात फिरवत राहावा. खुर्ची छान होती. भांडं उचलायला मात्र तो कधी आला नाही.

फोटोची तारीख जवळ आली तेव्हा सुनेनं आठवण केली.

"अहो, आईंना न्यायचंय."

"या आठवड्यात? बाहेर बघ. चार नांगर उघडे पडलेत."

"डॉक्टर म्हणाले होते."

"डॉक्टरांना पेरणी नाही. पुढच्या आठवड्यात नेतो."

पुढच्या आठवड्यात गाडीवान चाक घेऊन बसला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दवाखान्यात नेणारी जीप बंद पडली. मग सुतारानंच हिशेब बसवला. शेडच्या दारात उभा राहून, कानामागची पेन्सिल काढून, बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाला, "एवढ्या दिवसांत दगडाला दगड चिकटला असता. आई, टेकव पाय."

"टेकवू?" म्हातारीनं सुनेकडे बघितलं.

"आई, नको," सून म्हणाली.

"अगं, सरस वाळला की काम वापरायला काढायचं असतं. नाहीतर सांधा आखडतो."

म्हातारी उभी राहिली. वॉकरवर दोन्ही हात, ओठ आत ओढलेले. डावा पाय टेकवला. सुतार तिच्या पायांकडे बघत होता, सून तोंडाकडे. त्यामुळे दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या.

"चालतेय!" सुतार ओरडला. "बघ, चालतेय!"

चालत होती, पण कलून. डावीकडे पाऊल पडलं की खांदा खाली जाई. सुताराच्या नजरेला वाकडं सहन होत नसे. गावात कुणाकडे जेवायला बसला तरी डगमगणाऱ्या पाटाखाली आधी काहीतरी सारायचा, मग घास घ्यायचा. त्यानं आईला कामाच्या ओट्यावर आडवं निजवलं, तिच्या कमरेला काटकोन मापायचा गुण्या लावला, दोन्ही टाचा जुळवल्या आणि पट्टीनं मापलं. डावा पाय आखूड भरला. फार नाही, अंगठ्याच्या नखाएवढा.

"एवढंच ना," तो म्हणाला.

सगळी कामं बाजूला ठेवून तो बसला. हलकं, बिनगाठीचं लाकूड निवडलं, पट्टी काढली, पुढे निमुळती, मागे जाड. डाव्या चपलेखाली ती सरसानं चिकटवली, तिच्याखाली जुन्या टायरचं रबर ठोकलं. कडा घासून अशा एकजीव केल्या की चप्पल तशीच विकत आणलीय असं वाटावं. आईच्या पायात ती घालताना तो गुडघ्यावर बसला होता. इतक्या दिवसांत प्रथमच तो तिच्या पायाशी बसला होता.

म्हातारी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. खांदा सरळ. गुण्यात.

लोहार दांडे न्यायला आला होता, तो बघतच राहिला. "वा रे वा! आता माझ्या बायकोची जीभ आखूड करायचं काहीतरी बनव."

"तिची नाही, तुझी लांब झालीय. ती कापावी लागेल," म्हातारी म्हणाली, आणि सगळे हसले.

सुतार किती हसला! फेट्याच्या टोकानं डोळे पुसले त्यानं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चप्पल काढून दाखवायचा. म्हातारीही प्रत्येक वेळी पाय पुढे करायची.

सुनेला गाठ लागली ती आंघोळ घालताना. डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, टाक्यांच्या व्रणाजवळ, कातडीखाली काहीतरी टणक. वाटाण्याएवढं. बोट लावताच म्हातारीनं तिचा हात झटकला.

"काय आहे हे?"

"असेल काहीतरी. पाणी ओत."

"दुखतं?"

"तुझी नखं लागली."

"मला नखं आहेत कुठे? करवतीनं खाल्ली सगळी."

त्या दुपारी सुनेनं नवऱ्याला शेडमधून ओढून आणलं. त्यानं आईच्या मांडीवरून अंगठा फिरवला, हळूच, पटाशीची धार बघावी तसा. त्याचं तोंड उजळलं.

"स्क्रूचं डोकं आहे ते."

"ते बाहेर कसं आलं मग?"

"बाहेर येतच नाही ते, आतलं आकसतं. ओल्या लाकडात स्क्रू मारला आणि लाकूड वाळलं की डोकं वर येतं. आपल्या दाराला बघ. हाड वाळतंय म्हणजे. चांगलं आहे."

"माणसाचं हाड वाळतं?"

"मग काय कायम ओलं राहतं?"

सुनेनं दाराकडे बघितलं. तो जे बोलत होता ते दारापुरतं तर खरंच होतं.

पाय आणखी आखूड झाला. सुतारानं पुन्हा मापलं आणि पहिल्या पट्टीवर दुसरी चढवली. ती पहिलीपेक्षाही सुबक झाली. म्हातारी आता चालायची ती भिंत धरून, आणि चालायची तेव्हा गुणगुणायची. सुनेच्या लक्षात आलं, की हे गुणगुणणं करवतीच्या वेळचं नव्हे. लय तुटत होती. दर डाव्या पावलाला देवाचं नाव मध्येच गिळलं जात होतं.

"आई, खरं सांगा. दुखतंय ना?"

"म्हातारपण आहे गं. कुठे ना कुठे दुखायचंच."

"जांघेत दुखतंय? गुडघ्यात?"

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"मी तुमचं भांडं उचलते. त्यात मला सगळं कळतं. काल तुम्ही खुर्चीपर्यंत पोचला नाहीत. साडी धुतली मी."

म्हातारीनं मान फिरवली. भिंतीकडे बघत म्हणाली, "त्याला सांगू नकोस. लहान मुलासारखा खूश आहे तो."

सुनेनं ओली साडी दोरीवर टाकली ती अशी, की दोरीच तुटली.

मग एक सकाळ अशी आली, की म्हातारी खुर्चीवरून उठलीच नाही. उठायला गेली आणि पाय आत कुठेतरी अडकला. बिजागरीत खडा जावा तसा. ना पुढे, ना मागे. सुनेनं काखेत हात घालून तिला उचललं तेव्हा म्हातारीच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण तिनं सुनेच्या खांद्याला चावा घेतला. पदरातून दात लागले.

सुनेनं तिला खाटेवर टाकलं, तोंड पुसलं आणि शेडमध्ये गेली. सुतारानं ओंडका घोडीवर चढवून ठेवला होता. करवत टेकवून तो तिची वाट बघत होता.

"धर."

"नाही धरत."

"काय झालं?"

"आईंना दवाखान्यात न्या. मग धरते."

"अगं, एवढा एक ओंडका होऊ दे. दुपारी तो माणूस..."

"त्या माणसाला बोलवा धरायला."

"तुझं डोकं फिरलंय का? लोक उभे आहेत बाहेर."

"उभे राहू देत. तुमच्या आईला उभं राहता येत नाहीये." तिनं पदर खांद्यावरून सरकवून दातांचे वण दाखवले. दारातल्या लोकांनी बघितलं, तरी तिनं झाकले नाहीत. "बघा. हे तुमच्या सरळ चालणाऱ्या आईनं केलंय. ओरडायचं नाही म्हणून मला चावली ती."

सुतार करवतीकडे वळला. एकट्यानंच ओढायला लागला. पातं दोन बोटं आत गेलं, लचकलं आणि ओंडक्यात रुतून बसलं. त्यानं ओढलं. हललं नाही. पाय रोवून पुन्हा ओढलं. दारातले लोक बघत होते आणि एकालाही पुढे होऊन दुसरं टोक धरावंसं वाटलं नाही. सून हाताची घडी घालून उभी होती.

शेवटी लोहार म्हणाला, "सुतार, पातं राहू दे तिथंच. जीप सांगून येतो मी."

रस्ता उखणलेला. जीपच्या मागच्या फळीवर गादी टाकून म्हातारीला निजवलं होतं. प्रत्येक खड्ड्याला सून तिचा गुडघा दोन्ही हातांनी धरायची. सुतार पुढे बसला होता. मांडीवर आईच्या चपला, कारण म्हातारीनं त्या बरोबर घ्यायला लावल्या होत्या. "दवाखान्यात उतरल्यावर अनवाणी का चालू?" म्हणाली होती. चालायचं तर कुठेच नव्हतं.

दवाखान्यात फोटोचं यंत्र तापलं होतं, ते निवेपर्यंत बसायचं होतं. बसायला बाकं होती, पण म्हातारीला बसता येत नव्हतं आणि झोपायला जागा नव्हती. एका बाकावर तिला तिरकं टेकवलं, सून पाठीला पाठ लावून बसली. परिचारिका दोनदा येऊन म्हणाली, पाय वाटेतून काढा. दुसऱ्यांदा सून म्हणाली, "ताई, काढता आला असता तर आलोच नसतो." परिचारिकेनं मग कुठून तरी उशी आणून दिली.

फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला. सुतारानं सवयीनं एक डोळा मिटला, आणि मग दोन्ही उघडले.

हाडाचा वरचा गोल आता गोल उरला नव्हता. एका बाजूनं बसका झाला होता, चेपलेल्या भांड्यासारखा. स्क्रू मागे सरकून मांडीच्या अंगाला बाहेर आले होते, आणि त्यातल्या एकाचं टोक पुढून गोलाच्या बाहेर, सांध्यात घुसलं होतं.

"किती दिवस दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखत नव्हतं," सुतार म्हणाला.

"मी त्यांना विचारतोय."

म्हातारी फोटोकडे बघत होती.

"इथं मोडलं की कधीकधी वरच्या गोलाचं रक्त तुटतं. हाड जुळत नाही, मग मरतं आणि बसतं. पाय आखूड होत जातो. तो आखूड होतोय हे तुमच्या लक्षात नाही आलं? आधी कलून चालल्या असतील."

सुतारानं खाली बघितलं. चपला त्याच्या हातात होत्या. डॉक्टरांनी डावी घेतली, उलटी केली, पट्ट्यांच्या कडेवरून नख फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"चांगलं केलंय." डॉक्टरांनी चप्पल टेबलावर ठेवली. "कलणं दिसलं असतं तर कुणीतरी आणलं असतं यांना. तेच दिसायचं बंद झालं."

"म्हणजे माझ्यामुळे..."

"ते मला सांगता येत नाही. फोटोला आला असतात, पाय टेकवला नसता, तरीही झालं असतं कदाचित. होतं काहींना, सगळं नीट करूनही. कदाचित नसतंही झालं. लवकर कळलं असतं, आणि त्यांचे एवढे दिवस गेले नसते, एवढं मात्र नक्की."

सुताराला याहून काहीही चाललं असतं. तुझ्यामुळे झालं, म्हटलं असतं तर त्यानं कपाळ बडवून घेतलं असतं. तुझा दोष नाही, म्हटलं असतं तर रडला असता. हे मधलंच अडकून राहिलं. त्यानं मान हलवली. नुसतीच हलवत राहिला.

"आता स्क्रू काढायचे आणि सांधा बदलायचा," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन आहे. धोका आहे. त्यांचं वय बघता विचार करून सांगा. नाही केलं तर खाटेवरच."

"साहेब," सुतार हळूच म्हणाला, "परत कापायचं? तिला सोसेल का? त्यापेक्षा मी तिला... मी चाकाची खुर्ची करीन. अशी करीन की..."

"अहो!" सून एवढ्या जोरात ओरडली की परिचारिका दारात आली. "आता काही करू नका तुम्ही! काही म्हणता काही नका करू! विचारा त्यांना!"

सुतार आईकडे वळला. म्हातारी अजून फोटोकडेच बघत होती.

"आई?"

"काय?"

"काय करायचं?"

"मला नेऊन झोपव आधी. इथं नाही मला बसवत."

बाहेर ढकलगाडी आली होती. वॉर्डातला माणूस म्हणाला, एकानं काखेत धरा, एकानं पाय. सुतारानं काखेत धरलं. त्यानं हात नीट बसवले, जड ओंडका उचलताना बसवतात तसे, आणि सुनेनं पाय धरायच्या आधीच उचललं. डावा पाय लोंबला.

म्हातारी किंचाळली.

सगळी बाकं वळली. रांगेतलं एक तान्हं रडायचं थांबलं. सुतार जागच्या जागी थिजला, आई अर्धी हवेत.

"मेल्या!" म्हातारी ओरडली. "ठोंब्या! दुखतंय! दुखतंय रे मला, पहिल्या पावलापासून दुखतंय! आत कुणी पटाशी फिरवतंय असं दुखतं! झोपले तरी दुखतं, खोकले तरी दुखतं! तू बसलास माझ्या पायाशी, चप्पल घातलीस, तुझं ते तोंड बघितलं आणि बसले मूग गिळून! देवाचं नाव घेतलं तरी तेसुद्धा पुरं होईना! आणि तू खुर्च्या करतोस! मला नको तुझी खुर्ची! मला कापू दे त्यांना! मरेन नाहीतर चालेन, पण असं नको! कळलं का रे, भाड्या? कळलं का?"

"कळलं, आई."

"काय कळलं?"

सुताराच्या नाकातून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ते आईच्या केसांवर पडत होतं. सून एका हातानं तोंड दाबून उभी होती. हसत होती की रडत होती, तिलाही कळत नव्हतं.

म्हातारीनं दम घेतला. आवाज उतरला. बाकांवरच्या लोकांकडे तिनं एकदा बघून घेतलं. कुणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं, ज्याचा स्वतःचा पाय पट्ट्यांत होता, तिला दोन्ही हात जोडले.

"उभा काय राहिलास?" ती लेकाला म्हणाली. "दोघं मिळून उचला. आधी तिला पाय धरू दे. आणि मी सांगेन तेव्हा. मी सांगितल्याशिवाय हलायचं नाही."

सुनेनं खाली वाकून दोन्ही पाय एकत्र उचलून धरले. सुतार थांबला. आईच्या काखेतून तिचा श्वास त्याच्या हाताला लागत होता, वर, खाली, वर. ती सांगेल म्हणून तो वाट बघत राहिला.